शहराचे अकरा विभाग आणि एक हुकूम

तारीख ४, मंगळवार

आज सकाळी मुलाच्या घरी सुखरूप पोहोचलो. शहर मोठे आहे, हे मला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरीही मुलाने स्थानकापासून घरापर्यंत ही गोष्ट सात वेळा सांगितली.

घर चौथ्या मजल्यावर आहे. खोल्या दोन, पैकी बाहेरची माझ्या पावलांनी सहा लांब व चार रुंद. मुलगा लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करतो आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीस लिफ्ट नाही. यावर मी प्रत्येक मजल्यावर थांबून त्याच्याकडे पाहिले, इतकेच. सून रुग्णालयात परिचारिका आहे. नातू आठ महिन्यांचा. प्रकृती उत्तम, आवाज मोठा. दिवसा दोघेही कामावर जातात, तेव्हा त्याला सांभाळण्यास एक बाई येतात, असे समजले.

माझे शिक्षण इयत्ता चौथीपर्यंत झाले, हे मी कोणापासून लपवीत नाही. परंतु मोजणी खात्यात चौतीस वर्षे मी जमीन मोजण्याची साखळी धरली. साहेब अहवाल तोंडी सांगत, कारकून लिहून घेत, आणि मी दोघांच्या मध्ये उभा असे. अहवाल कसा असावा, हे मला कारकुनापेक्षा अधिक कळते. मुलाने दिलेल्या नकाशावर या शहराचे अकरा विभाग पाडलेले आहेत. ते सर्व क्रमाने पाहून प्रत्येकाची चतुःसीमा व स्थिती या वहीत लिहिण्याचे मी ठरविले आहे. परतीचे तिकीट १८ तारखेच्या सकाळचे आहे.

पुढे गैरसमज नको, म्हणून एक बाब आजच नोंदवितो. माझी मुलगीही याच शहरात राहते. बारा वर्षांपूर्वी ती एका किल्ल्या करणाऱ्या माणसाशी लग्न करून निघून गेली. तेव्हा मी हुकूम दिला की, तिचे नाव या घरात कोणी घ्यावयाचे नाही. हुकुमाची तामील आजतागायत चोख झालेली आहे. माझ्या येथे येण्याचा आणि तिचा काहीही संबंध नाही.

तारीख ५, बुधवार

विभाग पहिला. पूर्वेस नदी, पश्चिमेस उड्डाणपूल, दक्षिणेस बसचा तळ, उत्तरेस काहीच नाही; म्हणजे तो कोठे संपतो हे तेथील एकाही माणसास सांगता आले नाही. व्यापार कापडाचा. एका गल्लीत केवळ गुंड्या विकल्या जातात. त्र्याऐंशी दुकाने मोजली. त्र्याऐंशी दुकाने गुंड्यांची, आणि चालण्यास पदपथ दोन वीत! जेथे पदपथ आहे तेथे मोटारसायकल उभी, आणि जेथे मोटारसायकल नाही तेथे गटाराचे झाकण नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक किल्ल्या करणारा बसला होता. माझ्या ट्रंकेला एकच किल्ली असल्याने दुसरी करून घेतली. माणूस जाड व मिशाळ होता. वयाने तिशीतला.

मुलगा म्हणाला होता, “बाबा, सकाळी लवकर निघत जा, नंतर ऊन होतं. आणि सहाच्या आत येऊ नका, बाळ झोपलेलं असतं.” पाय दुखत असूनही पाऊण तास जिन्याखाली उभा राहिलो. शिस्त ती शिस्त. वर गेलो तर बाळ जागे होते.

तारीख ६, गुरुवार

विभाग दुसरा. जुनी वेस, तिच्या आत भांड्यांचा बाजार. वेशीची कमान चांगली बांधलेली. तिच्यावर मात्र कोणीतरी भ्रमणध्वनीच्या दुकानाची जाहिरात लावली आहे. आवाज इतका की, मी माझेच पाऊल ऐकू न आल्याने दोनदा मोजणी चुकलो.

येथेही किल्ल्या करणारा आढळला. ट्रंकेची तिसरी किल्ली करून घेतली. तो म्हणाला, “एका कुलपाला तीन किल्ल्या? आजोबा, चोरालाही वाटा देताय काय?” मी त्याला सांगितले की, त्याने आपले काम पाहावे. माणूस साठीचा होता.

घरी आलो तर माझ्या अंथरुणाची घडी कोणीतरी बदलली होती. मी गादी तीन घड्यांत ठेवतो. ती चार घड्यांत होती. सुनेस विचारले. ती म्हणाली, “बाळाला सांभाळणाऱ्या बाईंनी केली असेल.” मी निरोप दिला की, बाळाची व्यवस्था उत्तम आहे, परंतु गादीच्या तीनच घड्या घालाव्यात. सून “सांगते हं” म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली. तिला सर्दी झाली असावी.

तारीख ८, शनिवार

विभाग तिसरा व चौथा एकाच दिवसात. तिसऱ्यात छापखाने आहेत. सर्वत्र शाईचा वास, आणि रस्त्यावर कागदाच्या कातरणांचा चिखल. चौथ्यात दवाखाने, औषधांची दुकाने आणि चष्म्यांची दुकाने. एक माणूस त्या रस्त्याच्या एका टोकाकडून आजारी होऊन निघाला, तर दुसऱ्या टोकापर्यंत त्याची सगळी सोय आहे. चौथी व पाचवी किल्ली. एक करणारा कोवळा पोर, दुसऱ्याच्या हातावर भाजल्याचा डाग. ज्याचा मी उल्लेख केला, त्याच्या हातावर डाग नव्हता. अर्थात मी ते सहज पाहिले.

गादीचे उत्तर आले. सून म्हणाली, “त्या बाईंचं म्हणणं, तीन घड्यांनी एक कोपरा बाहेर राहतो. चारच बरोबर.”

मला संताप आला. चौतीस वर्षे साहेबांनी माझे मोजमाप तपासले नाही, आणि ही कोण? आयुष्यात मला उलट सांगणारी एकच व्यक्ती होती. मी गादी उलगडून पुन्हा तीन घड्या घातल्या. कोपरा दोन बोटे बाहेर राहतो. ही बाब सुनेस कळविलेली नाही.

बाळास आता झोपविताना मी पाहिले. सून त्याच्या पाठीवर तीनदा थोपटते, थांबते, पुन्हा तीनदा थोपटते. माझ्या पत्नीची नेमकी हीच रीत होती. विचारले, तर सून म्हणाली, “त्याला आता असंच लागतं.” रक्त विसरत नाही, असे म्हणतात ते खोटे नाही.

तारीख ९, रविवार

मुलाला सुट्टी असल्याने तो मला पाचव्या विभागात घेऊन गेला. तेथे काचेचे मनोरे आहेत. चतुःसीमा काढता येत नाही; कारण प्रत्येक भिंतीत समोरची भिंत दिसते आणि माणसास आपणच आपल्याकडे येताना दिसतो. मुलगा तेथील लिफ्टबद्दल अभिमानाने बोलत होता. दरवाजे कार्ड टेकवून उघडतात. किल्ल्या नाहीत, कुलपे नाहीत, किल्ल्या करणारेही नाहीत. वाया गेलेला दिवस.

परत येताना बसमध्ये मी सहज विचारले, “या शहरात आपल्या ओळखीचं कोण कोण राहतं?”

“आम्ही तिघं.”

“आणखी?”

“शेजारचे काका. दुधवाला.”

“आणखी कोणी?”

त्याने माझ्या डोळ्यांत पाहिले. “तुम्हीच सांगा बाबा. तुम्ही म्हणाल तर आठवतो.”

मी खिडकीबाहेर पाहिले. हुकूम कसा पाळावा, हे मी या मुलास लहानपणी शिकविले. ते त्याने इतके चांगले शिकावे, अशी माझी अपेक्षा नव्हती. मी एक शब्द उच्चारला असता तर त्याने पत्ता सांगितला असता, हे मला स्पष्ट दिसत होते. परंतु ज्याने हुकूम दिला त्यानेच तो मोडावा, तर मग हुकमास अर्थ काय राहिला?

तारीख १०, सोमवार

विभाग सहावा. दुरुस्तीचा बाजार. पंखे, शिलाई यंत्रे, घड्याळे, रेडिओ. जगात जे जे मोडते ते ते येथे येऊन पडते. आणि एका बोळात किल्ल्या करणारे नऊजण ओळीने बसलेले! मी प्रत्येकासमोर थांबलो. नववा हसून म्हणाला, “आजोबा, लग्नासाठी मुलगा बघताय काय?” बाकीचे आठही हसले. मी शेवटी त्याच्याकडूनच किल्ली करून घेतली, कारण रिकाम्या हाताने निघणे शोभले नसते. ट्रंकेस आता मूळची धरून किल्ल्या सहा. ट्रंकेत दोन धोतरे, तीन सदरे आणि ही वही आहे.

माझ्या निळ्या सदऱ्याची कॉलर कोणीतरी उसवून उलटी शिवली आहे. घासलेली बाजू आत गेली. काम स्वच्छ आहे. सुनेस म्हणालो, “त्या बाईंना माझ्या कपड्यांना हात लावण्याचे कारण नाही. पण काम चांगले झाले आहे, असे सांग.”

“दोन्ही सांगू?”

“दोन्ही सांग. याच क्रमाने.”

तारीख १२, बुधवार

सातवा विभाग सरकारी कचेऱ्यांचा, आठवा बागांचा. सातव्यात मला माझ्या खात्याची येथील कचेरी दिसली. आत गेलो. एका कारकुनास सांगितले की, मी चौतीस वर्षे साखळी धरली. तो म्हणाला, “कसली साखळी?” आता सर्व यंत्राने होते. मी बाहेर पडलो. आठव्यात बाकावर तीन तास बसून होतो. काहीही पाहिले नाही.

रात्रीच्या जेवणास बसलो असता मी म्हणालो, “उद्या किंवा परवा नववा विभाग.”

मुलगा व सून यांनी एकमेकांकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “नववा सोडा. तिथे बघण्यासारखं काही नाही. चाळी, गोदामं, धूळ. त्यापेक्षा दहावा बघा, तिथे तळं आहे.”

मला तळ्यात रस नाही. मोजणीच्या वेळी जो शेतकरी म्हणे की “या कोपऱ्यात काही नाही साहेब”, त्याच कोपऱ्यात हद्दीचा दगड सरकविलेला सापडे.

तारीख १४, शुक्रवार

काल पायास सूज असल्याने बागेपलीकडे गेलो नाही. आज नववा विभाग.

चतुःसीमा लिहिण्याचे सुचत नाही. जे घडले ते लिहितो.

दुपारी एकच्या सुमारास गोदामांच्या मागील रस्त्यावर, पिठाच्या गिरणीला लागून एक टपरी दिसली. आत तो होता. चष्मा लागला आहे, केस मागे सरले आहेत. मी त्याला आयुष्यात दोनदाच पाहिले होते, तरी ओळखण्यास क्षणही लागला नाही. मी ट्रंकेची किल्ली पुढे केली.

“हिची नक्कल करून हवी.”

त्याने किल्ली उलटसुलट पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. “हिच्या पाच नकला तर झाल्यात, आजोबा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“आमच्या धंद्यात बातमी फिरते. एक ताठ म्हातारा दहा दिवस एकाच किल्लीच्या नकला करून घेत शहरभर हिंडतोय, असं ऐकलं होतं. बसा ना.”

त्याने स्टूल पुसून दिले. मी बसलो नाही. पण पाणी घेतले.

“घरी कोण असतं?” मी विचारले. प्रश्न नियमात बसत होता. त्यात कोणाचे नाव नव्हते.

“दिवसभर कोणी नाही. बायको भावाकडे जाते, त्याचं बाळ सांभाळायला. भावजय कामावर रुजू झाली तेव्हापासून रोजचंच आहे. सध्या मात्र तिची धावपळ चाललीय. तिचे वडील आलेत तिकडे राहायला. ते बाहेर पडले की ही वर जाते, आणि ते यायच्या आत निघते.”

“असे का?”

“त्यांचा काही हुकूम आहे म्हणे.” त्याने कानशीने उगाच एक पितळी तुकडा घासला. “मी काही त्या घरातला नाही. त्यामुळे मला बोलायची मोकळीक आहे.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “ही किल्ली मी करत नाही. पाच पुरे झाल्या.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांना लावीत आलो. दहा दिवसांत माझी पावले दीड लाखांवर गेली असतील. त्यांतले प्रत्येक पाऊल तिच्यापासून दूर जाण्यासाठी मी स्वतःच्या पायांनी टाकले, आणि मी जितका लवकर निघे तितकी ती लवकर येई. मला सर्वांचा राग आला आहे. मुलाचा, सुनेचा, त्या टपरीवाल्याचा. सर्वांनी माझा हुकूम पाळला, याचा राग कोणत्या तोंडाने करावा, हे मात्र कळत नाही.

तारीख १५, शनिवार

घरी थांबलो तर ती येणार नाही. म्हणून नेहमीप्रमाणे साडेआठला बाहेर पडलो आणि समोरच्या धोब्याच्या दुकानाआड उभा राहिलो. नऊला पाच मिनिटे असताना ती आली. रस्ता दोन्ही बाजूंस नीट पाहिला. मी गेलो याची खात्री केली. मग जिना चढली. उजवा पाय किंचित बाहेर टाकते. तो नवव्या वर्षी मोडला होता. तेव्हा अडीच महिने मी तिला पाठीवर बसवून शाळेत नेत असे.

मी वर गेलो नाही. दिवसभर धोब्याच्या दुकानाशी उभा होतो. धोबी दोनदा म्हणाला, “काका, कपडे द्यायचे असतील तर द्या, नाहीतर सरका.” पाच वाजता ती खाली उतरली आणि निघून गेली. मध्ये अंतर सव्वीस पावलांचे होते.

मी भित्रा आहे, असे मला कोणी आजवर म्हटलेले नाही. आज मी स्वतः म्हणतो.

तारीख १६, रविवार

आज ती येत नाही. दिवसभर बसून पुढील मजकूर लिहिला. तीन कागद फाडले, चौथा बरा झाला.

“सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, बारा वर्षांपूर्वी बुधवार रोजी या घरात मुलीचे नाव न घेण्याबाबत देण्यात आलेला हुकूम उद्यापासून रद्द करण्यात येत आहे. सदर हुकमामुळे संबंधितांस जो त्रास झाला असेल, त्याची नोंद घेण्यात आली आहे.”

खाली सही केली. मजकुरात तिचे नाव लिहिण्याचा प्रयत्न केला होता. फाडलेले तीन कागद तेच.

तारीख १७, सोमवार

सकाळी कागद टेबलावर साखरेच्या डब्याखाली ठेवला आणि बाहेर पडलो. अकरा वाजता परत आलो. चार मजले न थांबता चढलो, हे योग्य नव्हते. दार मी वाजविण्यापूर्वीच उघडले. तिच्या एका हातावर बाळ होते, दुसऱ्या हातात कागद.

ती म्हणाली, “गुरुवार होता.”

“काय?”

“हुकूम दिलात तो गुरुवार. तुम्ही बुधवार लिहिलंय.”

“बुधवारच होता.”

“बुधवारी मी घरातच होते बाबा. तुमच्या ताटात वाढलं होतं मी. गुरुवारी पहाटे गेले.”

मी हिशेब केला. तिचे बरोबर होते. तसे म्हणालो नाही.

“आत या,” ती म्हणाली. “जिन्यात भांडू नका, शेजारी ऐकतात.”

तिने चहा केला. साखर विचारली नाही, बरोबर घातली. मी गादीवर बसलो, ती जमिनीवर. बाळास तीनदा थोपटून थांबत होती.  मग कागदाची घडी घालीत ती म्हणाली, “आई गेली तेव्हा कुठे होता हा कागद?”

 अहवालात जेथे माहिती नसे, तेथे साहेब “निरंक” असे लिहावयास सांगत. तोंडाने कसे सांगावे, हे त्यांनी शिकविले नाही.

“भावाने कळवलं होतं मला,” ती म्हणाली. “तशीच मिळेल त्या गाडीने निघाले. आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत आले होते. तुम्ही दारात उभे होतात. हात मागे बांधून. मला वाटलं, मी आत येऊ नये म्हणून उभे आहात. परत गेले.”

त्या दिवशी मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत दारात उभा होतो, हे खरे आहे. लोक म्हणाले, बसा. मी बसलो नाही. मी तिला म्हणालो, “मी तू येतेस का ते पाहत होतो.”

ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते. तिने बाळास खाली ठेवले आणि म्हणाली, “आता आईचं सांगा. पहिल्यापासून. काही गाळायचं नाही.”

मी क्रमाने सांगण्यास सुरुवात केली. ताप कोणत्या वारी आला. डॉक्टर किती वाजता आले. ती काय खात होती. काय खाईनाशी झाली. मुलगी मध्येच विचारी, “तेव्हा तुम्ही कुठे होतात?” आणि मी जेथे होतो ते सांगत गेलो. दोन ठिकाणी माझी चूक होती. ती मी झाकली नाही. पाच वाजले, सून आली, आम्हा दोघांना पाहून दारातच चप्पल पायात ठेवून उभी राहिली. मग मुलगा आला. मी कागद त्याच्या हाती दिला. त्याने दोनदा वाचला आणि विचारले, “हा मी ठेवू?”

“ठेव. एक प्रत घरात असावी.”

त्याने कागद खिशात ठेवला आणि बहिणीकडे वळून “ताई” म्हणाला. चार हात अंतरावर असताना, जणू ती शेताच्या पलीकडच्या बांधावर उभी आहे, इतक्या मोठ्याने. बाळ दचकून उठले आणि सर्वांची धांदल उडाली.

ती निघाली तेव्हा विचारले, “उद्या तुम्ही बाहेर जाणार का?”

“नाही.”

“मग मी साडेआठलाच येते. राहिलेलं सांगा.”

मुलाने विचारले, “बाबा, सकाळच्या तिकिटाचं काय करायचं?” मी सांगितले की, ज्याला जावयाचे असेल त्याने जावे.

दहावा व अकरावा विभाग पाहण्याचे राहून गेले. त्याबद्दल खेद नाही.

उद्या शेवटच्या दिवसाचे सांगावयाचे आहे. ते मी आजपर्यंत कोणासही सांगितलेले नाही, मुलासही नाही. त्या दिवशी दुपारी मुलगा औषध आणावयास गेला होता आणि खोलीत मी एकटा होतो. पत्नीने डोळे उघडले आणि हुकूम मोडला. मुलीचे नाव घेतले. एकदा हळू, आणि मग मला ऐकू यावे म्हणून एकदा मोठ्याने. मी तिला थांबविले नाही. मी ओदेखील दिली नाही. एवढे मला उद्या साडेआठनंतर सांगावयाचे आहे.